घरच्या माणसाची मुलाखत

दरवर्षी कॉलेज उघडलं की माझी मुलाखत व्हायची, आणि त्या मुलाखतीची तयारी मीच करायची. उत्तरांची नाही, खुर्च्यांची. प्राचार्यांच्या केबिनमधलं टेबल पुसून त्यावर हिरवं कापड टाकायचं, पाण्याच्या बाटल्या मांडायच्या, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना चहात साखर चालते का ते विचारून ठेवायचं, उमेदवारांची यादी टाइप करायची. त्या यादीत माझंही नाव. सगळं मनासारखं लागलं की हात धुवायचे, ओढणी नीट करायची आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बाकीच्या उमेदवारांत जाऊन बसायचं. शिपाई नाव पुकारायचा. मी आत जायचे. नुकताच ज्यांना मी चहाचा कप हातात दिला तेच साहेब चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "हं मॅडम, आपली ओळख करून द्या."

आणि मी द्यायचे. नाव, शिक्षण, अनुभव. प्राचार्य मान हलवत ऐकायचे, जशी काही मी आजच लातूरच्या गाडीतून उतरलेय. मग कुणीतरी विचारायचं, तुमचं बलस्थान काय. मी सांगायचे, दिलेलं कोणतंही काम मी वेळेत पूर्ण करते. हे उत्तर मला इतकं पाठ झालं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं.

मी मुरूमच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितकाच मोबदला, आणि उन्हाळा लागला की नेमणूक संपली. पुढच्या साली पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत. राहायला उमरग्यात, आईजवळ. सकाळी हायवेवर उभं राहायचं, एसटी आली तर एसटी, नाहीतर जीपमध्ये मागं अंग चोरून बसायचं. असं करता करता तिशी सरली आणि चाळिशी दिसायला लागली.

मग इतकी वर्षं थांबले कशाला? लोक विचारतात. मीही स्वतःला विचारते. कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. मी थांबले एका शब्दासाठी. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती आणि फायली लावायला माणूस नव्हता. मी लावल्या. समिती गेल्यावर प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "या मॅडम आता आपल्या घरच्याच आहेत." आमच्या भागात हा शब्द साधा नाही. कुणाला घरचं म्हटलं की त्याची सगळी फिकीर आपल्यावर आली, असं आम्ही समजतो. मी तसंच समजले. उद्या कायमची जागा निघाली की घरच्या माणसाला सोडून ती कुणाला देतील, असं मी स्वतःशी धरून चालले. विचारलं मात्र कधीच नाही. घरच्या माणसानं विचारायचं नसतं ना.

पण घरचं असण्याची दुसरीही एक रीत आहे, ती मी रोज डोळ्यानं बघत होते आणि तरी मला दिसत नव्हती. कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असला की मागच्या मैदानात पंगत बसायची. पाहुणे आधी, मग गावातली मोठी माणसं, मग कायमचे प्राध्यापक, मग पोरं. घरचे वाढायला. भाताचं पातेलं कुणाकडं, वरणाची बादली कुणाकडं, बुंदी माझ्याकडं. "मॅडम, तुम्ही बसा की," असं कुणी म्हटलंच तर मी म्हणायचे, "तुमचं होऊ द्या, मी मागून बसते." आणि खरंच मागून बसायचे, तेव्हा पुऱ्या गार झालेल्या असायच्या आणि वरणाचा तळ लागलेला असायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा. लाज वाटायला पाहिजे होती.

आईचं तर विचारूच नका. ती अंगणवाडीत मदतनीस होती, आता घरीच असते. सगळ्या गल्लीला तिनं सांगून ठेवलेलं, माझी पोरगी मुरूमला प्राध्यापक हाय. तासिका बिसिका तिला कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. स्थळं यायची तेव्हा ती म्हणायची, "जरा दम धरा, पर्मनंट होऊ द्या, मग बगू." स्थळांनी दम धरला नाही. त्यांचं बरोबर होतं. मग स्थळं यायचीच थांबली आणि आईही त्याबद्दल बोलायची थांबली. पण संध्याकाळी मी जीपमधून उतरून घरी आले की तिचा एकच प्रश्न ठरलेला, "काय म्हनत्यात सर?" म्हणजे, जागेचं काय म्हणतात. मी म्हणायचे, होईल. रोज म्हणायचे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर वरून एक परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घ्या, विषय, स्वयंमूल्यमापनातून करिअरचं नियोजन. प्राचार्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "तुम्हीच घ्या मॅडम, दुसऱ्या कुणाला सवड नाही." म्हणजे बघा, जिच्या करिअरचा दरवर्षी उन्हाळ्यात खेळ खलास होतो तिनं पोरांना करिअरची दिशा दाखवायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं म्हणाले, "हो सर."

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलं होती. छापील कागदावर चार चौकटी, बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. मी कागद वाटले आणि म्हटलं, भरा. उणिवांची चौकट पोरांनी बघता बघता भरली. इंग्रजी येत नाही, बोलायला भीती वाटते, घरची परिस्थिती, खेडेगाव. हात आखडता घेतलाच नाही कुणी. बलस्थानांपाशी मात्र सगळ्यांचं घोडं अडलं. जे लिहिलं तेही दुसऱ्याच्या तोंडचं. एकानं लिहिलं, मामा म्हणतो मी धाडसी आहे. एकीनं लिहिलं, शेजारचे म्हणतात माझा आवाज गोड आहे. मला हे चांगलं येतं, असं एकाही कागदावर नव्हतं. कसं असणार? आमच्याकडं कुणी स्वतःच्या तोंडानं असं म्हटलं की लगेच ऐकू येतं, लई शाणा झालास. ते ऐकायला नको म्हणून माणूस आपल्याला काय येतं ते विसरूनच जातो.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. हुशार, गरीब स्वभावाची, कुठल्याही कामाला कधी नाही न म्हणणारी. तिचा कागद मी उचलला. बलस्थानांच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं, मॅडम म्हणतात मी सांगितलेलं काम वेळेत करते.

मॅडम म्हणजे मी. मीच म्हटलं होतं, वर्गात, सगळ्यांसमोर, कौतुकानं. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

मी तिचा कागद तसाच उलटा करून ठेवला आणि म्हटलं, सगळ्यांनी कागद उलटे करा. पाठीमागं एवढंच लिहा, गेल्या आठवड्यात कुणीही न सांगता, स्वतःच्या मनानं तुम्ही काय केलंत. आता पोरं कामाला लागली. एकानं विहिरीवरची मोटार उघडून स्वतःच दुरुस्त केली होती. एकजण सोयाबीनचा उमरग्याचा आणि मुरूमचा भाव रोज ताडून बघत होता, का, तर नुसतीच आवड. एकीनं वस्तीवरच्या सगळ्या नवरी मुलींची मेंदी काढली होती आणि नवी नक्षी स्वतः शोधली होती. मी म्हटलं, हे बघा, इथं तुमची दिशा आहे, इथून शोधायला लागा. पुढच्या बाकावरची ती मुलगी तेवढी पेन धरून बसली होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आजच्या कार्यक्रमाची रांगोळी मी काढली. पण ती तुम्ही सांगितली होती. ती धरू का?"

मी म्हटलं, "नको धरू."

तिनं मान हलवली आणि कागदाची ती बाजू कोरीच दिली.

पोरं गेल्यावर मी वर्गात एकटीच राहिले. खडू हातातच होता. म्हटलं, चला मॅडम, तुम्ही पण बसा परीक्षेला. फळ्यावर लिहायला लागले, गेल्या आठवड्यात मी काय केलं. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासले, सांगितले म्हणून. तपासणीच्या फायलींना नवीन लेबलं लावली, सांगितली म्हणून. दुसऱ्या सरांच्या तासाला उभी राहिले, सांगितलं म्हणून. ही कार्यशाळा घेतली, सांगितली म्हणून. न सांगता काय केलं? खडू फळ्याला टेकवून उभी राहिले. भूगोलाचं नवं पुस्तक शेवटचं कधी उघडलं ते आठवेना. एम.ए.ला असताना मी बेनितुरा नदीच्या काठानं पायी फिरले होते, कुठला ओढा कुठं मिळतो, कुठं माती वाहून जाते, त्याचे नकाशे हातानं काढले होते. कुणीही सांगितलं नव्हतं. उन्हानं तोंड करपलं होतं आणि मी खुशीत होते. ते नकाशे कपाटात तळाला होते, वर तपासणीच्या फायली.

मी फळा पुसला, बाकावर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. इतकी वर्षं मी माझी ओळख करून देत होते आणि मला स्वतःची काडीची ओळख नव्हती.

त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर राहिला नाही. पोरांना सांगितलं तसंच स्वतःशी ठरवलं, आपल्याला काय पाहिजे ते आधी मोकळेपणी बोलायचं. मला काय पाहिजे होतं? भूगोलाची कायमची जागा, दुसरं काही नाही. आणि ती मिळत नसेल तर इथून उठायचं. तेवढ्यात बातमी आली की कॉलेजला भूगोलाची एक जागा भरायची परवानगी मिळाली. इतक्या वर्षांनी. मी प्राचार्यांकडं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "सर, माझं काय?"

सर हसले. "अहो मॅडम, तुम्ही घरच्याच. तुम्हाला कसली काळजी?"

झालं. इतकं रडून, इतकं ठरवून, या एका वाक्यावर मी पुन्हा विरघळले. घरी जाऊन आईला सांगितलं, सरांनी शब्द दिला. शब्द कुठं दिला होता त्यांनी? पण मी तसं सांगितलं आणि आईनं दिवा लागायच्या आत गल्लीभर केलं.

मुलाखतीच्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं की आज खुर्च्यांना हात लावायचा नाही. गेले तर शिपाई सुट्टीवर, केबिनमध्ये पसारा, आणि साहेबांची गाडी फाटकात. विभागप्रमुख सर नुसते "मॅडम" म्हणाले, पुढं काही बोललेसुद्धा नाहीत. मी हिरवं कापड टेबलावर टाकलं. हात आपोआप गेले हो.

आत बोलावलं. "आपली ओळख करून द्या." या वेळी मी पाठ केलेलं बोलले नाही. बेनितुऱ्याचं बोलले. ओढ्यांचं, मातीचं, आमच्या भागातल्या गावांना पाण्याचा नकाशा कसा उपयोगी पडेल त्याचं. बोलताना माझा मलाच आवाज वेगळा वाटत होता. बाहेरून आलेले एक वयस्कर तज्ज्ञ पुढं सरकून बसले, मी बरोबर नेलेले नकाशे त्यांनी मागून घेतले, दोन प्रश्न विचारले. तिसरा विचारणार तोच प्राचार्य म्हणाले, "मॅडमचं काय विचारता सर, त्या आमच्या घरच्याच. फायलींचं काम एकदम चोख." तज्ज्ञांनी नकाशे मिटले आणि मला परत दिले.

जागा बाहेरच्या एका तरुण सरांना मिळाली. चांगला माणूस आहे, शिकलेला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी प्राचार्यांकडं गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. आवाज अगदी मायेचा. म्हणाले, "मॅडम, समजून घ्या. तो मुलगा तासिकेवर थांबला नसता, गेला असता दुसरीकडं. तुमचं तसं नाही. तुम्ही कुठं जाणार आहात? तुमचे तास आहेतच की. आणि त्यांना जरा फायली समजावून सांगा."

हे ते वाईट मनानं बोलले नाहीत, तीच तर पंचाईत होती. मी ज्या चौकटी भरायला इतकी वर्षं लावली, त्या त्यांनी माझ्यासाठी केव्हाच भरून ठेवल्या होत्या. बलस्थान, सांगितलेलं काम करते. उणीव, विचारत नाही. धोका काहीच नाही, कारण ही कुठं जाणार? त्यांचं मूल्यमापन माझ्यापेक्षा बरोबर होतं. मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवला आणि "बघते" म्हणून बाहेर आले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती नुसती लुगड्याचा काठ बोटानं सारखा करत राहिली. मग म्हणाली, "त्यास्नी नीट सांगितलं न्हाईस का, पोरगी घरचीच हाय म्हनून?"

मी न्हाणीत गेले, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात पुन्हा रडले. ती बाहेरून दार वाजवत होती आणि म्हणत होती, फुडल्या साली व्हईल, फुडल्या साली.

मी तासांना हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही, नुसती गेले नाही. नकाशे घेऊन धाराशिवला गेले. तिथं जमिनीच्या आणि पाण्याच्या नकाशांची कामं करणारं एक छोटं खासगी ऑफिस असल्याचं कळलं होतं. तिथल्या माझ्याहून लहान माणसानं नकाशे बघितले, हात छान आहे म्हणाला, आणि विचारलं, हे कॉम्प्युटरवर येतं का. येत नव्हतं. त्याच्यावरची मोठी मोठी सॉफ्टवेअरं निघाली तेव्हा मी लेबलं लावत होते. "शिकून या मॅडम," तो म्हणाला, "मग बघू." बस स्टँडवर बसून मी उमरग्याच्या दोन गाड्या जाऊ दिल्या. घरी काय तोंड घेऊन जायचं तेच कळेना. आता मी शिकायला जाते, विशी-बाविशीच्या पोरांत. पोरं मला काकू म्हणतात. जमेल की नाही, खरंच माहीत नाही. या वयात मला कोण काम देणार, हा विचार पहाटे डोळे उघडायच्या आधीच छातीवर येऊन बसतो.

मध्यंतरी कॉलेजातून निरोप आला. नवे सर रुजू झाल्याबद्दल जेवण आहे, तुम्ही घरच्या, आलंच पाहिजे. जायचं नव्हतं. पण आई म्हणाली जा, नाहीतर वाईट दिसतं, आणि मी गेले. मैदानात पंगत मांडली होती. पाहुण्यांची पहिली पंगत बसत होती, नवे सर मधोमध. विभागप्रमुख सरांनी मला बघितलं, हसले आणि बादल्या ठेवल्या होत्या तिकडं सहज हात केला.

मी चप्पल काढली आणि पहिल्या पंगतीत शेवटच्या पत्रावळीवर जाऊन बसले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं तेवढंच. मी उठले नाही.

वरण-भात झाला आणि बुंदीची बादली आली. मान वर केली तर ती पुढच्या बाकावरची मुलगी. अंगावर नवी साडी, ओचा खोचलेला, कपाळाला घाम. मला बघून तिचा चेहरा फुलला. "मॅडम, एम.ए. झाले आणि तुमचे तास मला दिले सरांनी," ती म्हणाली. "आणि सर म्हणाले, तू तर आता घरचीच."

मी म्हटलं, "बस इथं. माझ्याशेजारी बस आणि जेव."

"तुमचं होऊ द्या मॅडम. मी मागून बसते."

ते वाक्य, तोच आवाज, तेच गोड हसू. मी उठले, तिच्या हातातून बादली काढून खाली ठेवली आणि तिचं मनगट धरलं. म्हटलं, "तू बसेपर्यंत मी सोडणार नाही." पंगतीतली माणसं बघायला लागली. ती लाजेनं लाल झाली, पण बसली, अगदी कडेला, मांडी न घालता, केव्हाही उठता येईल अशी. मी तिच्यापुढं पत्रावळ मांडली, पुरी वाढली, बुंदी वाढली, पाणी ओतून दिलं.

तिनं कशालाच हात लावला नाही. ती सारखी प्राचार्यांकडं बघत होती, सर रागावले तर नाहीत ना म्हणून. सर नव्या सरांना आग्रह करण्यात गुंतले होते. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही, आणि पंगत उठली तेव्हा तिची पत्रावळ तशीच भरलेली होती.